शोरूमवाला म्हणतो "याच्या खाली येणार नाही". मग गाडीचा भाव करायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी गाडी घ्यायची आहे, मॉडेल पक्कं झालंय, जुनी गाडी एक्सचेंजमध्ये द्यायची आहे आणि उरलेल्या रकमेचं कर्ज काढायचं आहे. दोन शोरूम फिरून झाले. दोन्हीकडे थोडीफार सूट सांगून "याच्या खाली एक पैसाही येणार नाही" असं उत्तर मिळालं. हे खरं मानायचं का? नसेल तर आणखी किती घासायचं आणि कसं?

मी बरीच वर्षं गाड्यांच्या विक्रीत होतो, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. आता ओळखीपाळखीतल्या लोकांसोबत अलीकडच्या बाजूला बसतो. "याच्या खाली येणार नाही" हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं, पण एका आकड्यापुरतंच. गाडीच्या मूळ किमतीत सेल्समनचे हात खरोखर बांधलेले असतील. मात्र त्याच कागदावर विमा, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, हँडलिंग, कर्जाचा दर आणि जुन्या गाडीची किंमत असे आणखी पाच-सहा आकडे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल अजून कुणी चकार शब्द काढलेला नसतो. तुम्ही सूट मागता एका आकड्यात आणि पैसे मोजता सगळ्यांच्या बेरजेत. भाव करायचा तो बेरजेचा.

डीलरचं पोट कशावर चालतं हे आधी समजून घ्या. लोकांना वाटतं की महाग वस्तू आहे म्हणजे तिच्यात भरपूर नफा असणार. नव्या गाडीवरचा डीलरचा थेट नफा किमतीच्या मानाने पातळच असतो. खरी कमाई आजूबाजूला होते: कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून मिळणारा मोबदला, विम्यावरचं कमिशन, ॲक्सेसरीज आणि कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी, तुमची जुनी गाडी कमी भावात घेऊन पुढे विकणं आणि नंतर वर्षानुवर्षं चालणारी सर्व्हिस. त्याशिवाय कंपनी डीलरला ठरावीक गाड्या विकल्या की बोनस देते. म्हणून गाडीवर मोठी सूट देणारा डीलर तोट्यात जात नसतो, तो दुसरीकडून भरून काढणार असतो. त्यात फसवणूक असतेच असं नाही, धंद्याची घडणच तशी आहे. पण "मला जबरदस्त सूट मिळाली" म्हणून खूश होऊन बाकीच्या कागदावर डोळे झाकून सही केली, तर मिळालेली सूट त्याच टेबलावर परत गेलेली असते.

कंपनीकडून येणाऱ्या पैशाचे दोन प्रकार असतात आणि हा भाग जरा थांबून वाचा. एक सूट जाहीर असते: जाहिरातीत, वेबसाइटवर, ग्राहकासाठी अमुक इतकी. दुसरी रक्कम कंपनी गुपचूप डीलरला देते: या महिन्यात या मॉडेलच्या प्रत्येक गाडीमागे इतके घ्या आणि कसंही करून माल हलवा. मेघन बसे, होर्हे सिल्वा-रिसो आणि फ्लोरियन झेटलमेयर या तिघा अभ्यासकांनी अमेरिकेतल्या गाडीविक्रीच्या नोंदी तपासून 2006 मध्ये दाखवलं, की ग्राहकासाठी जाहीर केलेल्या सुटीतला 70 ते 90 टक्के भाग ग्राहकाच्या पदरात पडतो. डीलरला दिलेल्या रकमेतला मात्र फक्त 30 ते 40 टक्केच. दोन्हीकडे पैसे कंपनीचेच. फरक एवढाच की पहिल्याबद्दल ग्राहकाला माहिती असते आणि दुसऱ्याबद्दल नसते. माझ्या कामाच्या दिवसांत मी हेच रोज पाहत होतो. ज्याला स्कीम माहीत असायची त्याला ती द्यावीच लागायची. ज्याला माहीत नसायची, त्याला "साहेब, तुमच्यासाठी खास" म्हणून तिचा तुकडा दिला जायचा.

त्यामुळे आवाज चढवण्यापेक्षा एक साधा प्रश्न जास्त पैसे वाचवतो: "या सुटीतला कंपनीचा वाटा किती आणि तुमचा किती? आणि या महिन्यात या मॉडेलवर डीलरसाठी काही सपोर्ट आहे का?" सेल्समन दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देईलच असं नाही. पण समोरच्याला हा व्यवहार कळतो हे त्याला त्या क्षणी समजतं आणि पुढचं बोलणं बदलतं. शिवाय जो आकडा तो स्वतःचा म्हणून सांगतो, तो जाहीर स्कीममध्ये आधीच असेल तर तेही तिथेच उघडं पडतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. शोरूममध्ये आणखी एक चक्कर मारण्याआधी घरी बसून लिहून काढा: मॉडेल, व्हेरिएंट, रंग, गिअरबॉक्स, काय हवंच आणि काय नकोच. मग हीच माहिती जमेल तितक्या डीलरांना मेसेज किंवा ईमेलने पाठवा आणि सगळ्यांकडून एकाच साच्यात उत्तर मागा: "सगळं धरून, गाडी माझ्या हातात येईपर्यंत एकूण किती आणि त्याची फोड काय?" फोड फार महत्त्वाची. कर आणि नोंदणी यांसारखे पैसे डीलर पुढे भरतो, ते सगळीकडे सारखेच असायला हवेत. एखाद्याकडे जास्त दिसले तर तिथेच विचारा. विमा, ॲक्सेसरीज, हँडलिंग, "स्मार्ट पॅकेज", "एसेन्शियल किट" अशा नावांच्या ओळी डीलरच्या स्वतःच्या असतात. भाव तिथे निघतो.

बरेच सेल्समन फोनवर किंवा लेखी भाव द्यायला तयार नसतात. "सर, तुम्ही या तर, बसून बोलू." त्यांना तसं शिकवलेलंच असतं, कारण समोर बसलेला माणूस उठून जायला कचरतो. तुम्ही नम्रपणे पण ठाम राहा: लेखी कोटेशन आलं तरच मी तुमच्याकडे येणार आहे, कारण माझ्याकडे बाकीच्यांची लेखी आहेत. काही जण तरी देतील. जे देणार नाहीत त्यांना सोडून द्या, त्यांच्या मागे लागून काही हाती लागत नाही. कोटेशनवर डीलरचं नाव, तारीख, किती दिवस वैध आहे आणि गाडी स्टॉकमध्ये आहे की मागवावी लागेल, एवढं असायलाच हवं. सेल्समनच्या हाताने कार्डच्या मागे लिहिलेला आकडा कोटेशन होत नाही.

सगळी उत्तरं आली की सर्वांत कमी भाव ज्याचा आहे त्याच्याकडे लगेच धावू नका. तुम्हाला ज्याच्याकडून गाडी घ्यायला आवडेल, म्हणजे ज्याची सर्व्हिस चांगली आहे, जो जवळ आहे, जो नीट बोलतो, त्याला सरळ सांगा: "माझ्याकडे एवढ्या एकूण रकमेचं लेखी कोटेशन आहे. मला तुमच्याकडून घ्यायची आहे. तुम्ही या आकड्याला आलात तर मी आज बुक करतो." यातला शेवटचा भाग खरा असला पाहिजे. डीलरला सर्वांत जास्त चीड येते ती त्याचा भाव घेऊन पुढच्या दुकानात जाणाऱ्याची आणि सर्वांत जास्त किंमत असते ती आज निर्णय घेणाऱ्या ग्राहकाची. "आकडा जुळला तर आज" हे तुमच्याकडचं सर्वांत भारी नाणं आहे, ते पहिल्याच भेटीत खर्च करू नका.

खोटं कोटेशन सांगू नका. नैतिकतेचा मुद्दा आहेच, पण व्यवहारातही ते फसतं. एका कंपनीच्या डीलरांना एकमेकांचे भाव बऱ्यापैकी ठाऊक असतात. अशक्य आकडा सांगितला की सेल्समन हसून म्हणतो, "सर, या भावात मिळत असेल तर नक्की घ्या," आणि मग तुम्ही बोललेला कोणताच आकडा तो गांभीर्याने घेत नाही.

शोरूममध्ये बसल्यावर एक प्रश्न हमखास येतो, बहुतेकदा पाणी येण्याआधीच: "सर, महिन्याला हप्ता किती जमेल?" याचं उत्तर देऊ नका. "हप्त्याचं मी नंतर बघतो, आधी एकूण किंमत" एवढंच म्हणा आणि तेच पुन्हा म्हणा. अमेरिकेतल्या डीलरशिपमध्ये एक जुनी पद्धत आहे, तिला फोर-स्क्वेअर म्हणतात. कागदावर चार चौकोन काढायचे: गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, डाउन पेमेंट आणि मासिक हप्ता. ग्राहक एका चौकोनावर अडून बसला की तिथे थोडं सोडायचं आणि दुसऱ्या चौकोनात भरून काढायचं. कागद सगळीकडे दिसेल असं नाही, पण ही चाल जगभर चालते. हप्त्यावर बोलणं सुरू झालं की कर्जाची मुदत वाढवून कुठलाही आकडा "परवडणारा" करता येतो.

हे आकड्यांत पाहा, चलन कोणतंही घ्या. दहा लाखांचं कर्ज, दर 9 टक्के, कमी होत जाणाऱ्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज. मुदत पाच वर्षं असेल तर हप्ता साधारण 20,758 येतो आणि एकूण व्याज सुमारे 2 लाख 45 हजार. तेच सात वर्षं केलं की हप्ता 16,089 वर उतरतो. ऐकायला किती बरं वाटतं! पण व्याज जातं सुमारे 3 लाख 51 हजारांवर. म्हणजे लाखाच्या वर जास्त. दोन तास घासून मिळवलेली सूट या एका "मुदत थोडी वाढवूया का?" मध्ये विरून जाते आणि घरी जाताना माणसाला वाटतं की आपण हप्ता कमी करून घेतला.

दराच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. दर "फ्लॅट" आहे की कमी होणाऱ्या शिलकीवर, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला काही अर्थ नाही. फ्लॅट 9 टक्के म्हणजे पाच वर्षं पूर्ण दहा लाखांवर व्याज, जरी तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असलात तरी. व्याज होतं साडेचार लाख आणि हप्ता सुमारे 24,167. कमी होणाऱ्या शिलकीच्या भाषेत हा दर पडतो 15.7 टक्क्यांच्या आसपास. दोन्ही कागदांवर आकडा एकच दिसतो, 9. म्हणून दर विचारण्याऐवजी विचारा: "एकूण किती हप्ते, प्रत्येक किती, प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती?" हप्ता गुणिले महिने हा हिशेब फोनवर दहा सेकंदांत होतो, सेल्समनच्या समोर करा. शोरूममध्ये जाण्याआधी स्वतःच्या बँकेकडून कर्जाची मंजुरी घेऊन ठेवा, अगदी शेवटी डीलरकडूनच कर्ज घ्यायचं असलं तरी. हातात एक दर असला की डीलरला तो मोडून दाखवावा लागतो आणि कधीकधी तो खरंच मोडून दाखवतो, कारण कंपनीच्या स्वतःच्या वित्तसंस्थेला विशेष दर देता येतो.

शून्य टक्के व्याजाच्या योजनेबद्दल लोक फार विचारतात. अशा योजनेत बऱ्याचदा एक अट असते: शून्य टक्के घेतलं तर रोख सूट नाही. समजा पाच लाखांचं कर्ज लागणार आहे आणि रोख सूट आहे साठ हजार. शून्य टक्क्याने तीन वर्षांत तुम्ही बरोबर पाच लाख फेडाल. त्याऐवजी सूट घेतली तर कर्ज 4 लाख 40 हजारांचंच लागेल आणि ते 9 टक्क्यांनी तीन वर्षांत फेडताना एकूण भराल सुमारे 5 लाख 3 हजार 700. फरक चार हजारांच्याही आत. शून्य टक्क्याच्या योजनेत प्रोसेसिंग फी जास्त असेल तर तोही संपला. म्हणजे जे "फुकट" वाटत होतं त्याचे पैसे तुम्ही सूट सोडून आधीच भरलेले असतात. प्रत्येक योजना वाईट असते असं मी म्हणत नाही. काही खरोखर चांगल्या निघतात. पण दोन्ही बाजूंचे आकडे मांडल्याशिवाय होकार देऊ नका.

जुन्या गाडीचा व्यवहार मला नव्या गाडीइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि लोक त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. नव्या गाडीच्या भावावर चार दिवस घालवलेला माणूस जुन्या गाडीचा भाव पाच मिनिटांत कबूल करून टाकतो. आधी ती गाडी धुऊन, सर्व्हिसचे कागद, दुसरी किल्ली, विम्याची पावती सगळं एकत्र करून दोन-तीन ठिकाणी दाखवा: जुन्या गाड्यांचे व्यापारी, ऑनलाइन विकत घेणाऱ्या कंपन्या, शिवाय थेट ग्राहकाला विकली तर काय येईल याचा अंदाज. हे आकडे हातात असल्याशिवाय एक्सचेंजचं बोलणंच काढू नका. नव्या गाडीची एकूण किंमत लेखी आल्यावर मगच म्हणा, "आता माझ्या जुन्या गाडीचं सांगा." एक्सचेंज बोनस नावाची रक्कम जाहीर झालेली असेल तर ती जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा वेगळ्या ओळीत लिहून घ्या. नाहीतर बोनस चाळीस हजार मिळतो, गाडीची किंमत पन्नास हजारांनी पाडलेली असते आणि दोन्ही आकडे एकाच ओळीत गेल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेर जास्त मिळत असेल तर बाहेर विका. थोडा त्रास आहे, मालकी हस्तांतर पूर्ण झाल्याची खात्री स्वतः करावी लागते, पण मी तरी अनेकदा हाच सल्ला देतो. डीलर थोडा कमी देत असेल आणि तुमचा वेळ वाचत असेल, तर तेवढा फरक सोडायलाही माझी हरकत नाही. फक्त किती सोडतोय ते माहीत असावं.

ॲक्सेसरीजबद्दल फार लिहायला नको. मॅट, सीट कव्हर, कोटिंग, अंडरबॉडी, काचेची फिल्म: नको असेल ते आधीच खोडायला सांगा, हवं असेल ते बाहेरच्या भावाशी ताडून पाहा. "इतक्या हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट" म्हणाले तर त्या यादीच्या छापील भावाने मोजलेल्या असतात, डीलरला त्या बऱ्याच कमी पडतात. त्याऐवजी तेवढे पैसे कमी करा म्हणून बघा. सगळे डीलर नाहीत, पण काही जण तरी तयार होतील. एक्स्टेंडेड वॉरंटी मला काही गाड्यांसाठी योग्य वाटते, विशेषतः इलेक्ट्रॉनिक्स भरपूर असेल तेव्हा. मात्र ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची आणि मूळ वॉरंटी संपेपर्यंत कधीही घेता येते का, हे विचारा. घेता येत असेल तर पहिल्याच दिवशी, कर्जात घालून, व्याज भरत घ्यायची काही गरज नसते. विमा बाहेरून घ्यायचा असेल तर संरक्षण आणि जाहीर मूल्य (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जी रक्कम धरते ती) दोन्हीकडे सारखं आहे का तेवढं जुळवा, म्हणजे तुलना बरोबर होईल. "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर सूट नाही" असं म्हटलं तर ते वाक्य लेखी मागा. मागितल्यावर बऱ्याचदा ते सौम्य होतं.

वेळेबद्दल थोडं. महिन्याच्या शेवटी जा असं सगळेच सांगतात, पण कारण क्वचित कुणी सांगतं. कंपन्यांचे बोनस पायऱ्यांचे असतात: समजा पन्नास गाड्या विकल्या की बोनस आणि तोही फक्त पन्नासाव्या गाडीवर नाही, आधीच्या सगळ्यांवर. अठ्ठेचाळिसावर अडकलेला डीलर पुढच्या दोन गाड्या स्वतःचं नुकसान करूनही देईल. दुसरा डीलर आधीच पन्नास ओलांडून बसलाय किंवा तीसवरच आहे, त्याला काही घाई नाही. म्हणून एकाच दिवशी, एकाच गाडीचे दोन डीलरांचे भाव इतके वेगळे येतात आणि म्हणूनच एका शोरूमचं "शेवटचं" ऐकून थांबू नये. आणखी एक दाब असतो तो स्टॉकचा. शोरूमच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक वेळा डीलरने कर्जावर उचललेल्या असतात आणि त्यावर रोज व्याज चढतं. तीन-चार महिने पडून असलेली, कमी खपणाऱ्या रंगाची गाडी त्याला नकोशी झालेली असते. तुम्हाला रंग चालत असेल तर "यातली सर्वांत जुनी गाडी कोणती?" हे विचारायला संकोच करू नका. फक्त मागच्या वर्षात तयार झालेली गाडी असेल, तर ती पुढे विकताना एक वर्ष जुनीच धरली जाते, तेवढी जास्तीची सूट आत्ताच घ्या. मॉडेल बदलणार असेल तेव्हाही हेच.

"आज रात्रीपर्यंतच" याकडे सरसकट खोटं म्हणून बघू नका. कंपनीची मासिक योजना खरोखर त्या महिन्यात बिल झालेल्या गाडीवरच लागू असते. ओळखायचं असं: मुदत कंपनीच्या योजनेची असेल तर ती दुसऱ्या डीलरकडेही तीच असेल. फक्त याच शोरूमची, याच टेबलावरची, तुम्ही उठायला लागल्यावर अचानक उगवलेली मुदत असेल, तर उद्याही ती मिळण्याची शक्यता दांडगी. सेल्समन "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून वीस मिनिटं जातो, तेव्हा त्याला खरंच विचारावं लागतंय असंही असतं आणि तुम्ही थकावं असंही असतं. दुसऱ्या खेपेनंतर मॅनेजरशीच थेट बोलायचं म्हणा. आणि त्याने आकडा सांगितल्यावर लगेच उत्तर देऊ नका. कागद बघत गप्प बसा. शांतता भरून काढायची घाई समोरच्याला जास्त असते.

एका गोष्टीने मला कायम अस्वस्थ केलंय. इयान एअर्स आणि पीटर सीगलमन या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेत शिकागोच्या परिसरातल्या डीलरांकडे एकच ठरलेली भाषा, एकच पद्धत शिकवून वेगवेगळी माणसं पाठवली. 300 पेक्षा जास्त जोड्यांच्या (एकाच डीलरकडे वेगवेगळे गेलेले दोघे म्हणजे एक जोडी) भेटींचे निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव स्त्रियांना आणि काळ्या लोकांना सांगितलेल्या भावांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी होते. बोलणं सगळ्यांचं सारखंच, तरीही. मी स्वतः शोरूममध्ये पाहिलंय, बाई भावाला घेऊन आली तर गाडी तिची, पैसे तिचे आणि सेल्समन बोलतो सोबतच्या भावाशी. माणूस दिसायला कसा आहे, कपडे कसे आहेत, यावरून पहिला आकडा ठरतो हे खरं आहे आणि ते अन्यायाचं आहे. म्हणून मी लेखी कोटेशनवर एवढा भर देतो. ईमेलला चेहरा नसतो. आपल्याला नीट घासाघीस जमत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर सगळा भाव घरबसल्या लेखीच करावा आणि शोरूममध्ये फक्त टेस्ट ड्राइव्ह आणि सही यांसाठी जावं. यासाठी जिभेची धार लागत नाही.

वेटिंग असलेल्या गाडीवर मात्र हे फारसं चालणार नाही. सहा-सात महिन्यांची रांग आहे, लोक बुकिंगचे पैसे घेऊन उभे आहेत, तिथे डीलर सूट देणार नाही आणि त्याने का द्यावी? अशा वेळी भांडायचं ते वेगळ्या गोष्टीसाठी: सक्तीच्या ॲक्सेसरीज घेणार नाही, विमा आणि कर्ज माझ्या पसंतीचं, किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची की बुकिंगच्या दिवशीची हे लेखी, बुकिंग रद्द केलं तर किती आणि किती दिवसांत परत हेही लेखी. भाव ठाम ठेवणाऱ्या "नो-हॅगल" शोरूमचंही तसंच. गाडीची किंमत ठरलेली असते, पण जुनी गाडी, कर्ज आणि वॉरंटी तिथेही ठरलेली नसते.

तुमच्या बाबतीत, दोन शोरूम झाले असतील तर अजून तीन-चार ठिकाणी लेखी विचारा, जुनी गाडी बाहेर दाखवून घ्या, बँकेचा दर हातात घ्या आणि मग ज्या दोघांनी "खाली येणार नाही" म्हटलं त्यांतल्या आवडलेल्याकडे परत जा. सेल्समनशी तुसडेपणाने वागू नका. त्याचा पगार थोडा आणि बाकी कमिशन असतं, शिवाय गाडी घेतल्यावर कंपनी तुम्हाला फोन करून त्याच्याबद्दल विचारते आणि त्यावरून त्याला मिळणाऱ्या गुणांना त्याच्या लेखी फार किंमत असते. नीट वागलेल्या ग्राहकासाठी तो मॅनेजरकडे खरोखर भांडतो. आकडा जुळला की बुकिंगचे पैसे डीलरच्या नावाच्या खात्यातच द्या, कुणाच्याही वैयक्तिक खात्यात नको आणि पावतीवर व्हेरिएंट, रंग, एकूण रक्कम, जुन्या गाडीची कबूल केलेली किंमत, डिलिव्हरीची तारीख लिहून घ्या.

मोठी रक्कम गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देऊ नका. चॅसिस नंबर मागा. तो अक्षरं आणि आकडे मिळून 17 चिन्हांचा असतो, गाडीवरचा आणि बिलावरचा तंतोतंत जुळला पाहिजे आणि त्यावरून गाडी कोणत्या वर्षाची आहे ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून पडताळता येतं. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: 3524 म्हणजे 2024 चा पस्तिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे आधी बनतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा फरक चालतो, पण चारांपैकी एकच टायर वेगळ्या काळातला असेल तर का बदलला ते विचारा. ओडोमीटर, रंगाची छटा दिवसाउजेडी प्रत्येक दरवाजावर, काचांवरचे शिक्के, स्टेपनी, दोन्ही किल्ल्या. ही तपासणी नोंदणी होण्याआधी झाली पाहिजे, कारण नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणं फार अवघड होतं. काही गडबड सापडलीच तर दुसरी गाडी मागा. ती यायला वेळ लागणार असेल आणि हीच घ्यायची तुमची तयारी असेल, तर त्याचा भाव त्याच ठिकाणी, सही करण्याआधी पुन्हा करा.